निळ्या बसमधली पाटी

कुंदापूर
४ नोव्हेंबर १९८६

पद्दक्का, नमस्कार.

पोहोचलो. कसा पोहोचलो ते सांगतो, पण हसू नकोस.

सगळा जन्म म्हैसूरच्या बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला. आता निवृत्त झालो, निर्मला लेकीच्या बाळंतपणाला दावणगेरेला गेली, अडवायला घरात कुणी नाही. म्हटलं, आपलाच मुलूख एकदा नीट बघू. लहानपणी मामाबरोबर म्हैसूरला गेलो तो गेलोच. नंतर लग्नाकार्याला येणं, तेही भाड्याच्या गाडीतून, काचा वर करून. म्हणून ठरवलं की गावच्या बसने किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वाटेल तिथे उतरायचं, राहायचं, आणि शेवटी डोंगराकडे वळून तुझ्या होसमनेला यायचं.

सुरुवात फार सुंदर झाली. मरवंतेला एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नदी आणि मधून बल्लाळ बसवाल्याची ती निळी बस. मी खिडकीचा गज धरून बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. आणि तेवढ्यात गंगेकोडी आलं.

थांब्यावर कोळणी चढल्या. चढल्या कसल्या, घुसल्या! कंडक्टर तोंडात शिट्टी धरून एकेक पाटी बाकांखाली ढकलत होता. वामन त्याचं नाव. एक पाटी थेट माझ्या पायाशी आली आणि पहिल्याच खड्ड्याला तिच्यातलं पाणी माझ्या नव्या बुटात. मी ओरडलो, "ही बस आहे की मासळीबाजार?" तर पाटीवाली पान चघळत म्हणते, "शेट्रे, समुद्र बघायलाच आलात ना? मग तो जरा पायाला लागला तर एवढं काय झालं?"

म्हैसूरचा शेट्टीसाहेब इथे शेट्रे झाला! सगळी बस हसली. ड्रायव्हरही मान मागे वळवून हसला, आणि पुढे वळण होतं! त्या बाईचं नाव गुलाबी. बसमधली पोरंसोरं तिला नावाने हाक मारत होती. मी तिकीट काढून बसलेला माणूस, माझ्या बाजूने एकानेही ब्र काढला नाही.

लॉजवर आल्या आल्या मी बल्लाळला कडक शब्दांत तक्रार लिहिली, आणि तिची एक प्रत परवान्याच्या कचेरीत. तिथला साहेब आमच्या बँकेतल्या कामतांचा जावई निघाला. बघू आता.

परवा बैंदूरला जातो. खाली पत्ता दिला आहे.

तुझा
करुणाकर


होसमने
८ नोव्हेंबर

करू,

हसू नकोस म्हणालास, म्हणून आधी पोटभर हसून घेतलं. सूनबाईला वाचून दाखवलं, तीही हसली. आता ऐक.

तुझ्या बुटात पाणी ओतणारी गुलाबी दिवसाआड आमच्याकडे येते. बस इथे संपते, तिथून ती पाटी डोक्यावर घेऊन बांधाबांधाने सगळी घरं फिरते. मासळी देते, तांदूळ-नारळ घेते, आणि कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न मोडलं ते या घरचं त्या घरी पोचवते. तुझे भावजी दोन पावसाळे अंथरुणाला खिळले होते. सगळे त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलायचे, देवळात बोलल्यासारखे. ही उंबऱ्यात बसून त्यांच्याशी भांडायची. "काय हो, पडून पडून पथ्याच्या मुडदुशाच खाणार का रोज? उठा, स्वतः पकडून आणा!" ते चिडायचे, आणि चिडले की दोन घास जास्त जेवायचे. ते गेले त्या दिवशी तिने पाटी अंगणाबाहेर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळून उठली नाही. मासळी सगळी नासली. तिने त्याचा शब्द काढला नाही, आणि मला विचारायचंही सुचलं नाही.

तेव्हा ती तक्रार मागे घे. आजच्या आज. बल्लाळला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. त्याला निमित्तच हवं असतं.

आणि समुद्रावर बूट घालून कोण जातं रे?

पद्दक्का


बैंदूर
१५ नोव्हेंबर

पद्दक्का, नमस्कार.

तुझं पत्र लॉजवाल्याने गल्ल्याखाली दाबून ठेवलं होतं, काल दिलं. वाचून वाईट वाटलं. सख्ख्या भावाचा अपमान झाला, आणि तू हसतेस! गुलाबी तुमच्या घरची असेल, पण बस तर सगळ्यांची आहे ना?

आणि मागे घ्यायचं काही उरलेलं नाही, कारण काम झालं. आठवड्याच्या आत! निळ्या बसच्या काचेवर कागद लागला आहे, 'प्रवाशांच्या तक्रारीवरून मासळीच्या पाट्यांना मनाई.' देशात दाद मागितली तर मिळते, फक्त मागणारा पाहिजे.

आता बस कशी स्वच्छ असते, काय सांगू! मी रोज कुठेतरी जातो. एके दिवशी दीपस्तंभापाशी उतरलो, खडकावर बसून शेंगदाणे खाल्ले. एके दिवशी आतल्या बाजूला, भाताची कापणी चालली होती तिकडे. कंबळ्याच्या शर्यतीसाठी रेडे धूत होते, एका शेतकऱ्याने ओळखदेख नसताना शहाळं फोडून दिलं. डोंगरापर्यंत पिवळीधमक शेतं आणि मागे वळलं की समुद्राची निळी पट्टी. हे सगळं सोडून मी म्हैसूरला काय करत बसलो होतो?

एक गोष्ट घडली ती सांगतो, म्हणजे तुला कळेल मी कुणाचं वाईट चिंतत नाही. परवा गंगेकोडीला बायका पाट्या घेऊन उभ्याच होत्या. वामनने बस थांबवली आणि गुलाबीला एकटीला आत घेतलं, पाटीवर पोतं टाकून. मी त्याला शांतपणे म्हटलं, "वामन, नियम तुझ्याच काचेवर लिहिलाय." तो म्हणाला, "अण्णा, तिच्या अंगात ताप आहे. एवढा एक दिवस." मी तेवढ्यावर सोडून दिलं. पण पुढे पुलावर तपासनीस चढला आणि त्याने सरळ मलाच विचारलं, "ही पाटी कुणी घेतली?" मी खोटं बोलू? जे होतं ते सांगितलं. गुलाबी पाटी घेऊन पुलावर उतरली. भांडण नाही, काही नाही. माझ्याकडे बघून तोंड फिरवलं एवढंच. मला वाटतं, तिलाही कळलं असावं.

पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतो. नीरदोसे करशील ना?

करुणाकर


होसमने
२२ नोव्हेंबर

करुणाकर,

तिला काय कळलं असावं? सांग ना, काय कळलं असावं?

पुलावरून होसमनेपर्यंत सगळा चढ आहे. तू खिडकीतून बघितला असशील, फार सुंदर दिसतो म्हणे. अंगात ताप, डोक्यावर भरलेली पाटी, वरून ऊन. जांभ्याच्या खाणीपाशी चक्कर येऊन गुलाबी खाली कोसळली. मांडीचं हाड मोडलं. खाणीतल्या माणसांनी दगड वाहायच्या लॉरीतून तिला दवाखान्यात नेलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण या गावात बातमी आणणारी तीच होती.

आणखी ऐक. वामनला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. पाटीपायी काढला म्हटलं तर लोक ओरडतील, म्हणून सांगतात की तो दारू पिऊन कामावर होता. वामन! ज्याच्या तोंडात शिट्टीखेरीज कधी काही गेलं नाही. घरी म्हातारी आई आहे, धाकटी बहीण लग्नाची आहे.

आणि ज्या दिवशी काचेवर तुझा कागद लागला, त्याच दिवशी गंगेकोडीला एक टेम्पो येऊन उभा राहिला. बल्लाळच्या मेव्हण्याचा. बायकांनी त्यातून जायचं आणि भाडं म्हणून पाटीतली निम्मी मासळी काढून द्यायची. टेम्पो एका दिवसात विकत मिळतो का रे? तो आधीच दारात उभा होता. फक्त तुझ्यासारख्या शहाण्याची वाट बघत होता. तू बल्लाळला हवं ते त्याच्या हातात ठेवलंस, वर कामतांच्या जावयाचा शिक्का मारून!

तू खोटं बोलला नाहीस, हे मला कौतुकाने सांगतोस. "मी बघितलं नाही" एवढं म्हटलं असतंस तर तुझी जीभ झडली असती?

मला तुझा भयंकर राग आलाय. नीरदोसे मागतोस! मी बोलावीपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस. म्हैसूरला जा, काचा वर करून.

पद्मावती


कुंदापूर
२९ नोव्हेंबर

पद्दक्का,

तू खाली पद्मावती अशी सही केलीस. तुझ्या हातचं ते नाव मी आजवर बघितलं नव्हतं.

आधी एक सांगू दे. मी पाट्या बंद करा असं लिहिलं नव्हतं! मी लिहिलं होतं की पाट्यांना झाकण असावं आणि त्या टपावर ठेवाव्यात. तुझं पत्र वाचलं आणि तसाच बल्लाळच्या कचेरीत गेलो. रागाने नीट दिसतही नव्हतं.

त्याने उठून खुर्ची दिली. कॉफी मागवली. "या शेट्रे, तुमच्यासारखे जागरूक प्रवासी हवेत."

मी म्हटलं, "टपावर ठेवा म्हणालो होतो मी. टपावर!"

"टपाला गंज लागतो हो."

"आणि टेम्पो?"

"तो मेव्हण्याचा धंदा. त्यात मी काय बोलणार?" असं म्हणून त्याने खणातून एक पास काढला. वर्षभर कुठेही फुकट फिरा. "तुम्हाला किनारा बघायचाय ना? घ्या, आमच्याकडून."

अक्का, मी बँकेत पुष्कळ लबाड माणसं पाहिली. ती निदान घाबरलेली असायची. हा हसत होता. मी पास टेबलावर फेकला आणि बाहेर आलो. मागून म्हणतो, "कॉफी तरी प्या!"

मग गंगेकोडीला गेलो. नदी आणि समुद्राच्या मधल्या वाळूवर ती घरं. गुलाबी पडवीत फळीवर पाय बांधून पडली होती. तिची सून जलजा जाळं विणत होती. तिने मला ओळखलं आणि बस म्हणाली नाही. मी उभाच राहिलो. शेवटी म्हणालो, "गुलाबी, मी पुन्हा कचेरीत लिहितो. वरपर्यंत लिहितो."

ती म्हणाली, "शेट्रे, हात जोडते, आता काही लिहू नका. तुमच्या एका लिहिण्याने मांडी गेली. दुसऱ्याला आमच्याकडे द्यायला काही नाही."

मी विचारलं, "मग करू काय?"

तिने कोपऱ्यातल्या पाटीकडे बोट केलं. मग म्हणाली, "सोमवारी सकाळी थांब्यावर या. माझी पाटी घ्या आणि बसमध्ये बसा. तुम्हाला कोण उतरवतो ते मला बघायचंय. मला बघता येणार नाही, जलजा बघेल आणि सांगेल."

मी हो म्हणालो. मला भीती वाटते आहे, हे फक्त तुला सांगतो.

तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

करू


गंगेकोडी
३ डिसेंबर

पद्दक्का,

पत्ता बघून दचकू नकोस. कुंदापूरच्या लॉजवाल्याने मला बाहेर काढलं. "साहेब, तुमच्या अंगाला मासळीचा वास येतो, बाकीचे लोक तक्रार करतात." तक्रार! मी रोख पैसे देऊन राहिलेला माणूस! तिथे मी जो काही तमाशा केला, तो सांगण्यासारखा नाही. आता इथे शाळामास्तरांच्या ओसरीवर आहे.

सोमवारचं सांगतो. पाटी बांगड्यांनी भरलेली. डोक्यावर पेलेना, तेव्हा पोटाशी धरली. मागे जलजा आणि बाकीच्या बायका आपापल्या पाट्या घेऊन. निळी बस आली. नवा कंडक्टर बल्लाळचा माणूस. दारातच हात आडवा घातला.

"पाटी खाली ठेवा."

मी त्याच्या हाताखालून आत शिरलो आणि पहिल्या बाकावर बसलो.

"शेट्रे, तुमचीच तर तक्रार आहे!" तो काचेवरच्या कागदाकडे बोट करून ओरडला.

"माझीच आहे. मग ती काय होती ते मलाच विचार ना." आणि मी उभा राहून सगळ्या बसला माझं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. झाकण, टप, सगळं. ते इतक्या जड भाषेत लिहिलं होतं की म्हणताना माझीच मला लाज वाटली.

मागून कुणी कारकून ओरडला, "यांचं भांडण होईपर्यंत आमच्या कचेरीचं काय? उतरवा त्यांना!" दोघेतिघे त्याच्या बाजूने बोलले. एकाने माझी कॉलर धरली. तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी, होसमनेकडचाच असावा, काठी आपटून म्हणाला, "अरे, पंधरा दिवस झाले, ताटात नुसती आमटी बघून डोळे पांढरे झाले! चढू द्या बायकांना, नाहीतर मीच उतरतो त्यांच्याबरोबर." लोक हसले, पण हसता हसता चारपाच जण उठून दाराशी गेले आणि पाट्या आत घेऊ लागले.

कंडक्टरने शिट्टी फुंकली. बस हलली नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली होती. "सगळ्या चढल्या की सांग," म्हणाला. "आणि मलाही काढायचं असेल तर तुझ्या मालकाला म्हणावं, घरापर्यंत बस कोण नेईल ते आधी बघ."

मागे लॉऱ्या, गाड्या, भोंगे. बल्लाळ जीपमधून आला. एवढी माणसं बघून त्याचा चेहरा एका क्षणात बदलला. हात जोडले, "या तर माझ्या बहिणी आहेत! कुणी अडवलं यांना?" आणि स्वतःच्या हाताने एक पाटी उचलून टपावर चढवली. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला इतका संताप आला की मी त्याला टेम्पोचं विचारायला उठलो. जलजा माझ्या कानाशी म्हणाली, "शेट्रे, आता गप्प बसा. पाटी वर गेली ना?"

बस डोंगराकडे वळली. गुलाबी पडली ती खाण आली. मला बाहेर बघवेना.

मी शेवटच्या थांब्याच्या अलीकडे उतरलो. तू बोलावलं नव्हतंस.

करू


होसमने
११ डिसेंबर

करू,

मी शेवटच्या थांब्यावर उभी होते. खाणीतल्या माणसांनी सकाळी सांगितलं होतं, की आज म्हैसूरचे शेट्टी पाटी घेऊन येणार. बायका उतरल्या, टपावरून पाट्या उतरल्या, बस रिकामी झाली. तुझी पाटी जलजाच्या डोक्यावर होती. मी रिकाम्या बसमध्ये चढून मागच्या बाकापर्यंत बघून आले. एवढा कधीपासून तू माझं ऐकायला लागलास?

राग गेला का म्हणून विचारशील. नाही गेला. गुलाबीचा पाय आखूड राहणार असं डॉक्टर म्हणाले. जलजा येते आता तिच्या जागी. चांगली आहे, पण ती भांडत नाही, मासळी देते आणि जाते. मी परवा गंगेकोडीला जाऊन गुलाबीला भेटले. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या घरी गेले. ती इतकी वर्षं माझ्या उंबऱ्यात बसली, आणि मी कधी तिचा उंबरा बघितला नव्हता. ते मला लागून राहिलंय, ते जाऊ दे. ती विचारत होती, "तुमचा भाऊ काय म्हणतो?" मी म्हटलं, "जिंकल्यासारखा मिरवत असेल." तर म्हणाली, "मिरवू दे. पाटी जड होती हो, मध्ये कुठे ठेवली नाही त्याने."

बल्लाळने बसवर नवीन पाटी रंगवून घेतली आहे, 'मच्छीमार भगिनींचे स्वागत.' त्याच्या सत्काराचंही चाललं आहे म्हणे. ऐकून मी हातातलं ताट आपटलं.

पण सत्कार गेला खड्ड्यात. वामन अजून घरी आहे. पाट्या चढल्या, बायका चढल्या, आणि त्या पोराला सगळे विसरले. त्याच्यावर दारूचा डाग आहे, दुसरा कुणी मालक त्याला दारात उभा करत नाही. कामगार कचेरीत पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. बल्लाळची तीन माणसं सांगणार, की तो झिंगलेला होता. त्या दिवशी त्याच्याशी बोललेला, तो शुद्धीवर होता हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारा माणूस एकच. तिथे तुला सगळ्यांसमोर हेही सांगावं लागेल, की तपासनिसाला वामनचं नाव कुणी सांगितलं. वकील तुझी धिंड काढेल. कामतांचा जावईही बसलेला असेल समोर.

तू खरं बोलणारा आहेस ना? मग आता बोल.

येणार असशील तर खोली झाडून ठेवते. येणार नसशील तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

पद्दक्का


गंगेकोडी
१४ डिसेंबर

पद्दक्का,

खोली झाड.

मी म्हैसूरला गेलोच नाही अजून. वामनला काल त्याच्या घरी जाऊन भेटलो. त्याने दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. आज पुन्हा गेलो, आज लावलं नाही, एवढंच. त्याची आई म्हणाली, "साक्ष द्या आणि जा, आणखी काही नको." तेवढं तरी देईन.

आणि मी मिरवत नाहीये. गुलाबीला तसं सांग. नको, राहू दे. उद्या सकाळी मीच जाऊन सांगतो, आणि ती काय बोलेल ते उभ्याने ऐकून घेतो.

करू